तारेच्या खांबावरील कांच

विसाव्या शतकांत मुंबईहून पुण्यास किंवा नाशिकास ज्यांनीं आगगाडीनें प्रवास केला, त्यांना रुळांच्या कडेनें चालणारे तारेचे खांब आठवत असतील. गाडी वेगांत आली कीं तारा हळूहळू खालीं झुकत, खांब जवळ येतांच पुन्हां वर चढत, आणि हा खेळ पाहतां पाहतां लहान मुलांस झोंप लागे. मुलें खांब मोजीत; परंतु खांबाच्या आडव्या हातावर उपड्या बसविलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या मोजण्याचें कोणाच्या मनांत येत नसे. वस्तुतः त्या वाट्या नसत्या तर ती तार मुकी झाली असती. तारेंतून जाणारी वीज खांबांत उतरूं द्यावयाची नाहीं, एवढें एकच काम त्यांच्याकडे होतें. या वस्तूस विद्युद्रोधक म्हणतात.

भारतांत, इंग्लंडांत आणि जर्मनींत हे रोधक बहुधा चिनी मातीचे करीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ते मुख्यतः कांचेचे झाले. समुद्राच्या पाण्यासारख्या निळसर हिरव्या रंगाची, मुठींत मावेल एवढी जड कांचेची टोपी हें त्यांचें नेहमींचें रूप. आज तारायंत्र इतिहासजमा झालें आहे. पण या टोप्या तेथील अनेक घरांत खिडकीच्या उजेडांत ओळीनें मांडलेल्या दिसतात. त्यांचीं प्रदर्शनें भरतात, त्यांवर ग्रंथ लिहिले जातात, आणि एकाद्या दुर्मिळ नगास हजारों डॉलर मोजणारे लोकही आहेत. खांबावर असतांना जिच्याकडे कोणी मान वर करून पाहिलें नाहीं, त्या वस्तूची खालीं उतरल्यावर इतकी प्रतिष्ठा कां व्हावी, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर या वस्तूच्या इतिहासांतच सांपडतें.

तो इतिहास एका फजितीपासून सुरू होतो. अमेरिकेच्या काँग्रेसनें १८४३ सालीं सॅम्युएल मोर्स यास वॉशिंग्टनपासून बाल्टिमोरपर्यंत तारेचा मार्ग घालण्यासाठीं ३०,००० डॉलर मंजूर केले. तार शिशाच्या नळींत घालून जमिनींत पुरावी, असा पहिला बेत होता. एझ्रा कॉर्नेल नांवाच्या हुन्नरी गृहस्थानें चर खणून त्यांत नळी घालणारा एक खास नांगर तयार केला आणि काम झपाट्यानें सुरू झालें. कांहीं मैल नळी पुरल्यावर कळून आलें कीं, आंतील तारांवरचें वेष्टण सदोष आहे आणि वीज वाटेंतच नाहींशी होते. काम थांबविणें भाग होतें; पण सरकारी पैसा मातींत गेला अशी हाकाटी वर्तमानपत्रांनीं केली असती. तेव्हां कॉर्नेलनें आपला नांगर मुद्दाम एका खडकावर नेऊन आदळला व मोडला. यंत्र बिघडलें म्हणून काम थांबलें, असें लोकांस वाटलें. आणि दुसरा उपाय शोधण्यास मोर्सला उसंत मिळाली.

दुसरा उपाय म्हणजे तार खांबांवरून नेण्याचा. पण तार लांकडास टेकली आणि पाऊस पडला कीं ओल्या खांबावरून वीज जमिनींत उतरणार. मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याचें म्हणणें, खांबाजवळ तारेस लाखेंत भिजविलेलें कापड गुंडाळावें. कॉर्नेलचें म्हणणें, तार कांचेच्या दोन तुकड्यांच्या मध्यें धरावी. मोर्सचा कल व्हेलकडे होता. परंतु त्यानें प्रिन्स्टन येथील थोर पदार्थविज्ञानवेत्ता जोसेफ हेन्री याचा सल्ला घेतला, तेव्हां हेन्रीनें कॉर्नेलच्या बाजूनें कौल दिला. त्याचें कारण समजण्यास आपल्याकडील मोटेच्या पाण्याचा दाखला पुरेसा आहे. पाटाला एके ठिकाणीं बारीकसें भोंक असेल तर मळ्यांतल्या पिकाला त्याची दाद नसते. पण पावलागणिक तसें भोंक पडलें तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाण्याचा थेंबही पोंचत नाहीं. २०० फुटांवर एक खांब धरला तरी ४० मैलांच्या मार्गांत हजारावर खांब होतात. एका खांबावर क्षुल्लक वाटणारी गळती हजार खांबांवर मिळून सबंध संदेश गिळून टाकते. कॉर्नेलची कांच खांबावर चढली, आणि १८४४ सालच्या मे महिन्याच्या २४ तारखेस वॉशिंग्टनहून निघालेला संदेश बाल्टिमोरास सुखरूप पोंचला. पुढें याच धंद्यांत मिळविलेल्या संपत्तींतून कॉर्नेलनें आपल्या नांवाचें विश्वविद्यालय स्थापन केलें.

कांच उपयोगी हें ठरलें. पण ती खांबावर बसवावी कशी, हें ठरण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. या वीस वर्षांत अमेरिकेंत नाना आकारांचे रोधक निघाले. कोणी अंड्यासारखा, कोणी उंच टोपीसारखा, कोणी कपाटाच्या मुठीसारखा. बहुतेकांच्या पोटांत गुळगुळीत पोकळी असे. ती लांकडी खुंटीवर दाबून बसवावयाची, आणि घट्ट राहावी म्हणून मध्यें डांबर लावलेलें कापड कोंबावयाचें. उन्हाळ्यांत हें ठीक चाले. हिवाळा आला कीं तार थंडीनें आखडे, दरींतल्या सखल जागच्या खांबावर ती वरच्या बाजूस ओढ घेई, आणि रोधक बाटलीच्या बुचाप्रमाणें खुंटीवरून उपटून निघे. मग बर्फांतून दुरुस्तीचे कामगार धांवत.

याच काळांत, १८६१ सालच्या ऑक्टोबरच्या २४ तारखेस, अमेरिकेचे पूर्व व पश्चिम किनारे तारेनें जोडले गेले. दोन्ही बाजूंनीं येणाऱ्या तारा सॉल्ट लेक सिटी येथें मिळाल्या, आणि घोडेस्वारांकरवीं टपाल पोंचविणारी प्रसिद्ध ‘पोनी एक्स्प्रेस’ संस्था दोनच दिवसांनीं बंद झाल्याचें जाहीर झालें. या मार्गावर जेप्था वेड यानें योजिलेले रोधक वापरले होते. कांचेची टोपी, आणि तिच्यावर डांबर पाजलेल्या लांकडाचें कवच, अशी त्यांची घडण होती. वेड हा मूळचा गांवोगांव हिंडून लोकांच्या तसबिरी काढणारा चितारी, मोर्सही चित्रकारच. दोन चित्रकारांनीं ज्या उद्योगाला हात लावला, त्याचे अवशेष पुढें लोकांनीं रंगासाठीं जमवावे, हा योगायोग खरा.

बुचाप्रमाणें निघणाऱ्या रोधकांचा प्रश्न अखेर कोणा शास्त्रज्ञानें नव्हे, तर न्यूयॉर्कच्या लुई कोव्हे नांवाच्या सुतारानें सोडविला. खुंटीला आटे पाडावे, कांचेच्या पोटांतही तसेच आटे पाडावे, आणि रोधक फिरवून बसवावा. एवढीच त्याची युक्ति. १८६५ सालच्या जुलैच्या २५ तारखेस त्यास एकस्व मिळालें. हा हक्क पुढें ब्रुकलिन येथील ब्रुकफील्ड यांच्या कांचकारखान्याकडे गेला, आणि आटे नसलेले रोधक थोड्याच वर्षांत मागें पडले. जुन्या मार्गांवरून ते काढून टाकण्यांत आले. कांहीं फुटले, कांहीं पुन्हां वितळविले गेले, कांहीं खांबाच्या बुडाशींच मातींत गाडले गेले.

आट्यांचा रोधक करण्याची रीत पाहण्यासारखी होती. भट्टींतून रसरशीत कांचेचा गोळा काढून तो लोखंडी सांच्यांत सोडीत. वरून आटे पाडलेला दट्ट्या दाबीत, आणि कांच जराशी थिजतांच तो उलट फिरवून बाहेर काढीत. मग नग संथपणें निववीत. कारण कांच एकाएकीं थंड झाली तर तिच्या पोटांत ताण राहतो आणि पुढें ती अकारण तडकते. रोधकाच्या खालच्या घेराला तिकडील कारागीर चक्क ‘परकर’ म्हणत. हें नांव थट्टेचें असलें तरी त्यांत मर्म आहे. वीज कांचेच्या अंगांतून सहसा जात नाहीं. ती पळते ती कांचेवर साचलेल्या पाण्याच्या व धुळीच्या पातळ थरावरून. पावसांत बाहेरची बाजू भिजली तरी घेराच्या आंतील बाजू कोरडी राहते, आणि तेवढ्या कोरड्या पट्ट्यावर विजेची वाट अडते. कित्येक रोधकांस म्हणून एकांत एक असे दोन परकर असत.

या धंद्यांतलें सर्वांत मोठें नांव हेमिंग्रे यांचें. १८४८ सालीं ओहायो नदीकांठच्या सिनसिनाटी शहरीं हा कारखाना निघाला, पुढें नदीपलीकडे कॉव्हिंग्टनास गेला, आणि इंडियानांत नैसर्गिक वायूचें स्वस्त जळण सांपडल्यावर १८८८ सालीं मन्सी येथें त्यानें नवा कारखाना उभारला. घेराच्या कडेला बारीक दातरे ठेवले तर पावसाचे थेंब तेथें गोळा होऊन लवकर गळून पडतील, या कल्पनेचें एकस्व या कारखान्यानें १८९३ सालच्या मे महिन्याच्या २ तारखेस घेतलें, आणि ती तारीख पुढें असंख्य नगांवर उठविली. त्यांचा ४२ क्रमांकाचा रोधक तर तारेच्या व टेलिफोनच्या मार्गांवर लक्षावधींनीं चढला. तो मजबूत होता, स्वस्त होता, आणि आपलें काम बिनबोभाट करीत होता.

येथें संग्राहकांच्या जगांतली चमत्कारिक गोष्ट दिसूं लागते. हा ४२ क्रमांकाचा नग आज जुन्या बाजारांत थोडक्या डॉलरांना मिळतो. उलट, खुंटीवरून निसटणाऱ्या, कामगारांना बर्फांत धांवायला लावणाऱ्या बिनआट्यांच्या रोधकासाठीं लोक दागिन्याची किंमत देतात. इंजिनियरानें ज्याची निवड केली तें संग्राहकाला सामान्य, आणि इंजिनियरानें जें नापास केलें तें संग्राहकाला अमोल. जें यशस्वी झालें तें सर्वत्र पसरलें आणि म्हणूनच उरलें. जें फसलें तें थोडेंच निघालें, लवकर काढलें गेलें आणि दुर्मिळ झालें. इतिहासाच्या पुस्तकांत यशाचे अध्याय मोठे असतात. कांचेच्या या संग्रहांत मात्र अपयशांना मानाची जागा मिळालेली आहे. माणूस योग्य आकारापर्यंत किती वाटा चुकत पोंचला, हें त्या एका फळीवर हातांत घेऊन पाहतां येतें.

रंगाचीही कथा अशीच आहे. कांचेचा तो परिचित निळसर हिरवा रंग कोणी मुद्दाम दिलेला नव्हता. वाळूंत लोहाचा अंश असतो, त्याची ती छटा. रोधकाचा रंग काय आहे याची तारेला पर्वा नव्हती. म्हणून कारखानदारही त्याबाबत बेफिकीर असत. बाटल्या, बरण्या करून उरलेली कांच, फुटके तुकडे, जें हातीं येई तें भट्टींत पडे. त्यामुळें मधासारखा पिंगट, गर्द हिरवा, कोबाल्टचा गडद निळा, आणि दोन रंग नीट न मिसळल्यानें ढगांसारखी रेघ उमटलेला, असे नग निघाले. ज्या निष्काळजीपणाबद्दल चष्म्याच्या कांचेचा कारखानदार शरमेनें मान खालीं घालील, त्याच निष्काळजीपणाला येथें सौंदर्याचें मोल आलें.

जांभळ्या रोधकांची गोष्ट तर अधिकच मनोरंजक आहे. लोहाचा हिरवेपणा घालविण्यासाठीं कांहीं कारखाने कांचेंत मँगनीज घालीत. कांच स्वच्छ, बिनरंगी निघे. परंतु उन्हांतील अतिनील किरणांनीं त्या मँगनीजवर वर्षानुवर्षें परिणाम होऊन कांचेस जांभळी झांक येते. कॅलिफोर्नियांत लाँग बीच येथें १९१२ च्या सुमारास थोडींच वर्षें चाललेल्या एका कारखान्याच्या नगांचा हा रंग विशेष प्रसिद्ध आहे. कारखान्यानें हा रंग दिला नाहीं. तो वाळवंटांतल्या उन्हानें दिला. म्हणजे जांभळी छटा ही त्या वस्तूनें खांबावर काढलेल्या वर्षांची खूण होय.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर उघड्या तारांचे दिवस भरले. जमिनीखालचे केबल व बिनतारी यंत्रणा आल्या. रेल्वे कंपन्यांनीं मैलोगणती मार्ग उतरविले. कामगार तार कापीत, तांबें विकण्यासाठीं गुंडाळून ठेवीत, आणि कांच तेथेंच टाकून देत. याच उतरत्या काळांत तिच्याकडे पाहणारे डोळे निर्माण झाले. कोणी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या नगास ‘बीहाइव्ह’ म्हणूं लागला, तर दोन कान असलेल्या एका मोठ्या नगास लोकांनीं ‘मिकी माउस’ करून टाकलें. एन. आर. वुडवर्ड यानें या गोंधळाला शिस्त लावली. कारखाना कोणता व अक्षरें कोणतीं याचा विचार बाजूस ठेवून त्यानें केवळ आकारावरून प्रत्येक प्रकारास एक क्रमांक दिला. हेमिंग्रेच्या ४२ चा आकार त्याच्या यादींत १५४ झाला. बिनआट्यांच्या रोधकांस सातशेंच्या पुढील क्रमांक मिळाले. १९६९ सालीं ‘क्राउन ज्यूएल्स ऑफ द वायर’, म्हणजे तारेवरील राजरत्नें, या नांवाचें मासिक निघालें. पुढें संग्राहकांची राष्ट्रीय संस्थाही उभी राहिली.

या लोकांनीं केलेलें काम केवळ हौसेचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. कारखान्यांच्या जुन्या वह्या बहुतांशीं नष्ट झालेल्या. अशा वेळीं कांचेवर उठविलेलीं अक्षरें हाच लेख. ब्रुकफील्ड यांच्या नगांवर त्यांच्या कचेरीचा पत्ता असे; कधीं फुल्टन स्ट्रीट, कधीं क्लिफ स्ट्रीट. कचेरीनें बिऱ्हाड बदललें कीं कांचेवरील पत्ता बदले, आणि त्यावरून नगाचा काळ ठरवितां येतो. आपल्याकडे ताम्रपटावरून दानाचा काळ ठरवितात, त्यांतलाच हा प्रकार. एकाद्या ओसाड टेंकडीवर तीन प्रकारचे फुटके रोधक सांपडले तर तेथून केव्हां तार गेली, केव्हां दुरुस्ती झाली आणि केव्हां मार्ग सोडला, हें जाणता मनुष्य सांगूं शकतो.

परंतु किंमत वाढली कीं लोभही वाढतो. मँगनीजयुक्त कांच जांभळी होण्यास उन्हांत वर्षें काढावीं लागतात. तीव्र गॅमा किरणांच्या माऱ्याखालीं ठेवली तर तें काम फार लवकर होतें. असे भडक जांभळे किंवा तपकिरी केलेले सामान्य नग दुर्मिळ म्हणून बाजारांत आले. संग्राहकांनीं अशा बनावट नगांविषयीं माहिती गोळा करून एकमेकांस सावध करण्याची व्यवस्था केली आहे. येथें नुकसान केवळ फसलेल्या गिऱ्हाइकाचें नाहीं. खऱ्या उन्हानें कांचेवर लिहिलेली मजकुराची ओळ पुसून तेथें खोटी ओळ लिहिली, हें त्याहून मोठें नुकसान आहे. चालू मार्गावरून रोधक चोरणें हा तर सरळ गुन्हा, आणि त्यांत जीव जाण्याचा धोकाही असतो.

याहून सूक्ष्म असें एक नुकसान प्रामाणिक माणसाच्या हातूनही होतें. जुन्या मार्गाखालीं सांपडलेला नग धुवून, पुसून, त्याच रंगाच्या इतर नगांच्या ओळींत तो मांडतो. पण तो कोठें सांपडला हें लिहून ठेवीत नाहीं. वस्तु राहते आणि तिची साक्ष जाते. उलट ज्या संग्राहकानें नगाच्या पोटांत चिठ्ठी ठेवली, अमुक गांवाजवळ, अमुक रेल्वेच्या कडेला, अमुक वर्षीं, त्याच्या घरची कांच फुटकी असली तरी इतिहासाला उपयोगी पडते. संग्रह आणि संचय यांतला भेद त्या चिठ्ठीएवढाच आहे.

अमेरिकेंत वेस्टर्न युनियनची तारसेवा २००६ सालच्या जानेवारींत संपली. भारतांत विल्यम ओ’शॉनेसी यानें १८३९ सालीं कलकत्त्यास पहिला प्रयोग केला होता, आणि १८५४ सालीं मुंबई आग्र्याशीं तारेनें जोडली गेली होती. येथील तारही २०१३ सालच्या जुलैंत बंद झाली. त्या तारांवरून गेलेल्या जन्माच्या, मरणाच्या, बाजारभावाच्या आणि लढायांच्या वार्ता कोठेंच उरलेल्या नाहींत. त्या वार्ता वाटेंत सांडूं नयेत म्हणून जी कांच ऊन, पाऊस आणि पोरांचे दगड सोशीत खांबावर उभी होती, ती मात्र उरली आहे. तिच्यावरचा पत्ता, तिची छटा, तिच्या पोटांतले आटे किंवा त्यांचा अभाव, हें सर्व वाचतां येण्याजोगें आहे. ज्या घरीं ती मांडलेली असेल, त्या घरच्या माणसांनीं तिच्या पोटांत एक चिठ्ठी तेवढी ठेवावी.